बांधावरचे डिझेल

बायोडिझेल मिठापेक्षा दहापट कमी विषारी असते आणि साखरेइतक्याच सहजपणे मातीत जिरून जाते, असे एक वाक्य अमेरिकेतल्या प्रचारपत्रकांतून निघाले आणि गेली पंचवीस-तीस वर्षे जगभर फिरते आहे. वाक्य सरळसरळ खोटे म्हणता येत नाही. उंदरांवरच्या चाचण्यांत शरीराच्या दर किलोमागे सतरा ग्रॅमहून अधिक बायोडिझेल पोटात गेले तरच ते मारक ठरते. मिठाच्या बाबतीत हा आकडा दोन ते तीन ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे दहापट म्हणा, सहापट म्हणा, दिशा बरोबर आहे. विघटनाचेही तसेच. आयडाहो विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत अठ्ठावीस दिवसांत वनस्पतितेलापासून केलेले इंधन पाण्यात ८५ टक्क्यांहून अधिक विघटित झाले. तेवढ्याच काळात खनिज डिझेल जेमतेम २६ टक्के विघटित झाले होते.

पण हे वाक्य बोलते ते बाटलीतल्या थेंबाबद्दल. तो थेंब कोणत्या जमिनीतून आला, तिथे आधी काय होते, त्याचे तेल एरवी कोणाच्या कढईत गेले असते, आणि तो तयार करताना कोणते दुसरे द्रव्य हाताळावे लागले, याबद्दल ते गप्प आहे. बायोडिझेल सुरक्षित आहे का आणि ते पर्यावरणाला चांगले आहे का, या प्रश्नांची खरी उत्तरे मात्र त्या गप्प राहिलेल्या भागातच आहेत, आणि आपल्या देशाने २०३० साठी जे उद्दिष्ट ठेवले आहे त्याचा हिशेबही तिथेच मांडावा लागतो.

आधी रसायनाचे उरकून घेऊ, ते सोपे आहे. कोणतेही गोडे वा कडू तेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला लटकलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. अशा जडशीळ रेणूमुळे तेल दाट राहते आणि इंजिनाच्या बारीक फवाऱ्यातून नीट उडत नाही. काही दिवसांनी काजळी आणि चिकटा साठून इंजिन बसते. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा तत्सम अल्कली घालून ते साठ अंशांच्या आसपास ढवळत ठेवले की त्या शेपट्या ग्लिसरीनपासून सुटून मिथेनॉलला जाऊन चिकटतात. शंभर किलो तेल आणि दहा-अकरा किलो मिथेनॉल यांतून साधारण शंभर किलो बायोडिझेल व दहा किलो ग्लिसरीन मिळते. ग्लिसरीन तळाशी बसते, वरचे इंधन धुऊन वाळवून घ्यायचे. साबण करणाऱ्याला यात काही नवल वाटू नये. ही युक्ती इंधनासाठी वापरल्याची पहिली ठळक नोंद ब्रुसेल्सच्या शाव्हान या संशोधकाच्या १९३७ सालच्या बेल्जियन पेटंटमध्ये सापडते. ते काँगोच्या वसाहतीतून येणाऱ्या पामतेलाबद्दल होते, आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स ते लुव्हॅन या मार्गावर एक बस या इंधनावर चालवून पाहण्यात आली.

इथे एक प्रचलित गैरसमज दुरुस्त करायला हरकत नाही. दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो, आणि त्या दिवशी १८९३ साली रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवले, असे सरकारी पत्रकांतूनही सांगितले जाते. ऑग्सबुर्गच्या कारखान्यात त्या दिवशी चाचणी झाली हे खरे, पण इंधन खनिज होते, आणि पहिल्याच ठिणगीसरशी दाब मोजण्याचे उपकरण उडाले. शेंगदाण्याचे तेल आले ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. तिथे ओटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन या तेलावर चालवून दाखवले, आणि ते इतके सुरळीत चालले की फार थोड्या लोकांच्या लक्षात आले, असे डिझेलनेच पुढे १९१२ मध्ये लिहून ठेवले. ही कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकत होता, तिथली यंत्रे तिथल्याच तेलावर चालावीत, एवढा साधा वसाहतवादी हिशेब त्यामागे होता. पहिल्या दिवसापासून या इंधनाच्या मागे कोणाची तरी जमीन उभी आहे ती अशी.

आता सुरक्षिततेकडे वळू. साठवण आणि वाहतुकीच्या दृष्टीने बायोडिझेल खरोखरच शांत इंधन आहे. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगी लागताच पेट घेऊ शकते ते तापमान आपल्याकडच्या डिझेलसाठी किमान ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ते सहज ओलांडले जाते. शुद्ध बायोडिझेलच्या बाबतीत हे तापमान शंभर अंशांच्या वर असते. अपघातात टँकर उलटला तर पेट घेण्याचा धोका त्यामुळे बराच कमी. भूमिगत खाणींत, जिथे इंजिनाचा धूर बाहेर जायला जागा नसते, तिथे अमेरिकेत काही ठिकाणी मुद्दाम बायोडिझेल वापरले गेले ते मात्र पेटण्यामुळे नव्हे, काजळी कमी होते म्हणून.

धोका आहे तो कारखान्यात. मिथेनॉल अकरा-बारा अंशांनाच पेट घेऊ शकते आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. आग लागली आहे हे कामगाराला कळते ते अंगाला धग लागल्यावर. ते त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते, यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्यांचे मज्जातंतू निकामी होतात. मिथेनॉल म्हणजे काय हे मुंबईला वेगळे सांगायला नको: २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती याच द्रव्याने. ‘घरच्या घरी बायोडिझेल’ बनवण्याची हौस पाश्चात्त्य देशांत मोठी आहे आणि तिथल्या शेडना लागलेल्या आगींचे कारण बहुतेक वेळा हेच असते. बरे, धुलाई नीट झाली नाही आणि अर्धा-एक टक्का मिथेनॉल इंधनात राहून गेले, तर वर सांगितलेला शंभर अंशांचा आकडा निम्म्याहून खाली घसरतो. कागदावर सुरक्षित असलेले इंधन आळशी हातांनी असे असुरक्षित होते.

दुसरा धोका कमी माहितीचा आहे. सोयाबीन, जवस यांसारख्या तेलांच्या शेपट्या हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग पावतात आणि त्यात उष्णता निघते. टाकीत ती विरून जाते. पण अशा तेलाने किंवा त्यापासून केलेल्या इंधनाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर उष्णता आतच कोंडते आणि तो आपोआप पेटू शकतो. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९९१ मध्ये एका उत्तुंग इमारतीला लागलेली आग, ज्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले, ती जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्यांतून सुरू झाली होती. गॅरेजमध्ये चिंध्या पाण्याच्या बादलीत किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात, एवढी साधी सवय त्यावर पुरते.

आणि पाण्यात सांडले तर? ‘विघटनशील’ हा शब्द ऐकून आपण निश्चिंत होतो. पण विघटन करणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. खूप तेल एकदम नदीत गेले की मासे विषाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. पक्ष्यांच्या पिसांना वनस्पतितेल चिकटले तर ते खनिज तेलाइतकेच घातक. अमेरिकेत अलाबामातल्या ब्लॅक वॉरियर नदीत २००७ च्या सुमारास तेल-ग्लिसरीनचा तवंग वारंवार दिसू लागला. माग काढल्यावर तो एका बायोडिझेल कारखान्याच्या सांडपाण्यापर्यंत पोचला. पाण्यातल्या तेलाचे प्रमाण परवान्यातल्या मर्यादेच्या शेकडो पट निघाले. स्वच्छ इंधनाच्या कारखान्याला स्वच्छ असण्याची सक्ती नसते, ती वेगळी करावी लागते.

धुराचा हिशेब संमिश्र आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळले तर सूक्ष्म कण सुमारे दहा टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड अकरा टक्क्यांनी आणि न जळलेले हायड्रोकार्बन एकवीस टक्क्यांनी घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र दोन टक्क्यांनी वाढतात. शुद्ध बायोडिझेल वापरले तर कण जवळजवळ निम्मे होतात आणि नायट्रोजन ऑक्साइडे दहा टक्क्यांनी वाढतात. काळ्या धुराच्या बसमागे उभ्या राहणाऱ्या माणसाला हे वरदानच. पण ही तुलना जुन्या, गंधकयुक्त डिझेलशी होती. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, डिझेलमधले गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले आणि नव्या गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी बसली. त्यानंतर धुराच्या बाबतीत बायोडिझेलची आघाडी पुष्कळ कमी झाली आहे. उलट नव्या इंजिनांना ते थोडे जड जाते: गाळणी जाळून साफ करताना फवारलेले बायोडिझेल सहज उडून जात नाही, काही अंश इंजिन ऑइलमध्ये उतरतो आणि ते पातळ होते. युरोपात साध्या पंपावरच्या डिझेलमध्ये ते सात टक्क्यांपर्यंतच ठेवले आहे, त्यामागे असे तांत्रिक कारण आहे. पामतेलाचे बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढुळू लागते. नागपूरच्या डिसेंबरमधल्या पहाटे ते शुद्ध स्वरूपात टाकीत असेल तर फिल्टर तुंबलाच समजा.

इथवरचे सारे प्रश्न अभियंत्यांनी सोडवण्यासारखे आहेत आणि बहुतेक सुटलेलेही आहेत. जमिनीचा प्रश्न तसा नाही.

त्याचा धडा आपण घरातच घेतला आहे. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवण्यात आली. पुढच्या एप्रिलमध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा जैवइंधनावरचा अहवाल आला आणि एका झुडपाचे नशीब उघडले. मोगली एरंड, कुठे चंद्रज्योत, कुठे वनएरंड, शास्त्रीय नाव जट्रोफा. मराठवाडा-विदर्भात ते कुंपणाला लावलेले असायचे, कारण जनावर त्याला तोंड लावत नाही. अहवालाने हिशेब मांडला: हेक्टरी सुमारे पावणेचार टन बी, त्यातून सव्वा टनाच्या आसपास तेल. देशाच्या डिझेलमध्ये वीस टक्के मिसळायचे तर २०११-१२ पर्यंत १ कोटी १२ लाख हेक्टरवर लागवड हवी. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्याहून ही जमीन थोडी अधिकच भरते. राष्ट्रपती कलाम यांनी या झाडाचा हिरिरीने पुरस्कार केला. डिझेल आता आखातातून नव्हे, आपल्या वाडीतून येणार, अशा अर्थाची घोषणा छत्तीसगडमध्ये गाजली. भावनगरच्या मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने केलेल्या जट्रोफाच्या इंधनावर २००४ मध्ये मर्सिडीजच्या गाड्या देशभर फिरून आल्या. गाड्या उत्तम चालल्या. इंधन चांगलेच होते.

फसले ते झाड. ‘पडीक जमिनीत, पाण्याशिवाय, खताशिवाय’ हे तीन शब्द जट्रोफाच्या नावापुढे कायमचे जोडले गेले होते. झाड तगते हे खरे, पण तगणे आणि फळणे यांत फरक आहे, हे कोणाही कोरडवाहू शेतकऱ्याला विचारले असते तरी त्याने सांगितले असते. मुरमाड जमिनीत बी मिळाले ते हेक्टरी टनाच्याही आत, पुष्कळ ठिकाणी काही शे किलो. फळे एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून तोडणीची मजुरी वाढते. त्याचे जंगली वाण कधी निवडून-सुधारून पिकात आणलेलेच नव्हते. ऑक्टोबर २००५ च्या खरेदी धोरणात लिटरला पंचवीस रुपये भाव ठरला, तो उत्पादनखर्चालाही पुरत नव्हता. २००९ च्या जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्क्यांचे उद्दिष्ट पुन्हा लिहिले. २०१८ च्या धोरणात ते गुपचूप पाच टक्के झाले आणि मुदत २०३० पर्यंत गेली. प्रत्यक्षात डिझेलमधले प्रमाण एक टक्क्याच्याही आतच घुटमळत राहिले.

या फसगतीत एक गोष्ट फार कमी बोलली गेली. महसुली कागदावर ज्याला ‘पडीक’ म्हणतात ती जमीन रिकामी नसते. ते गायरान असते. तिथे शेळ्या चरतात, भूमिहीन बाया सरपण गोळा करतात, पावसाळ्यात तरोटा-फांदी अशा रानभाज्या मिळतात. गावातल्या सर्वांत गरीब घराची जी काही स्थावर मालमत्ता म्हणता येईल ती हीच, आणि तिचा सातबारा त्याच्या नावावर नसतो. तिथे जनावर तोंड न लावणारे झाड लावणे म्हणजे कुंपण न घालता कुंपण घालणे. शिवाय त्या बिया विषारी. चवीला बदामासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात पोचतात, ही बातमी आपल्याकडच्या जिल्हा पुरवण्यांत अधूनमधून येतच असते. पेंडही जनावरांना घालता येत नाही. सुरक्षिततेच्या तक्त्यात ‘विषारी नाही’ असे लिहिलेले इंधन विषारी बियांतून येऊ शकते, हे तक्ता सांगत नाही. आणखी एक गंमत अशी की आखाताला पर्याय म्हणून आलेल्या या इंधनात दहावा हिस्सा मिथेनॉल घालावे लागते. ते नैसर्गिक वायूपासून बनते, आणि भारत आपल्या गरजेचे बहुतांश मिथेनॉल आयात करतो, मुख्यतः आखाती प्रदेशातून.

आपली योजना फसली म्हणून जंगले वाचली, असे म्हणावेसे वाटते, कारण जिथे योजना यशस्वी झाली तिथली स्थिती अधिक वाईट आहे. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशाने वाहतुकीत दहा टक्के नवीकरणीय ऊर्जेची अट घातली. युरोपची मोहरी गाड्यांकडे वळली, तिची जागा भरायला आणि थेट इंधनासाठीही पामतेल येऊ लागले. इंडोनेशिया आणि मलेशियात तेलमाडाचे मळे वाढले, त्यातले काही वर्षावन तोडून, काही दलदलीची पीट जमीन उपसून. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली न कुजता साचलेला पालापाचोळा. पाणी काढले की तो कुजू लागतो, कोरड्या वर्षी पेटतो. २०१५ मध्ये अशा आगींच्या धुराने सिंगापूर-मलेशियापर्यंतचे आकाश आठवडेच्या आठवडे भरून राहिले होते. ‘सायन्स’ या नियतकालिकात फेब्रुवारी २००८ मध्ये जोसेफ फार्जिओनी आणि सहकाऱ्यांनी या व्यवहाराचा हिशेब कर्जाच्या भाषेत मांडला. जमीन मोकळी करताना जो कार्बन हवेत जातो ते मुद्दल, आणि डिझेलऐवजी बायोडिझेल जाळून दरवर्षी जी बचत होते तो हप्ता. सखल वर्षावन तोडून पाम लावला तर हे कर्ज फिटायला ८६ वर्षे लागतात, ॲमेझॉनचे जंगल तोडून सोयाबीन लावले तर ३१९ वर्षे, आणि पीट जमिनीवर पाम लावला तर ४२३ वर्षे. तोवर प्रत्येक लिटर ‘हरित’ इंधन खनिज डिझेलपेक्षा अधिक तापवणारे. युरोपीय संघाच्याच एका पुढच्या अभ्यासाने पामतेलाच्या बायोडिझेलवर असाच ठपका ठेवला. अखेर २०१९ मध्ये ते ‘जास्त जोखमीचे’ ठरवून २०३० पर्यंत हळूहळू बंद करायचे ठरले.

जंगल न तोडता, जुन्याच शेतात पिकवले तर? तिथे खत आडवे येते. ओझोनवरच्या संशोधनासाठी १९९५ चे नोबेल मिळवणारे पॉल क्रुट्झन यांनी २००८ मध्ये दाखवले की नत्रखताचा जो अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो तो आधी धरला होता त्यापेक्षा बराच जास्त आहे. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट तापवणारा. त्यांच्या मते युरोपातल्या मोहरीवर्गीय पिकाच्या बायोडिझेलची बचत या एका वायूने पुसली जाऊ शकते, कदाचित उलटही होऊ शकते. या निष्कर्षावर वाद झाला, अजून आहे. पण त्यानंतर खताचा हिशेब वगळून बायोडिझेलचे गुणगान करणे कोणालाच शक्य झाले नाही.

आपल्यापुरता हिशेब फार साधा आहे आणि तो पाठ्यपुस्तकात असायला हवा. भारत वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल जाळतो. भारताचे सगळे मिळून खाद्यतेल वर्षाला अडीच कोटी टनांच्या आसपास लागते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक आपण आयात करतो. म्हणजे देशातली प्रत्येक कढई, प्रत्येक फोडणी, यंदाच्या दिवाळीच्या सगळ्या चकल्या-शेवेसकट टाकीत ओतली, तरी डिझेलची तीन महिन्यांची गरज भागेल. पाच टक्के मिश्रण म्हणजे पंचेचाळीस लाख टन, देशाच्या खाद्यतेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. किंवा असे पाहा: लातूरकडच्या एका हेक्टरात टनभर सोयाबीन आले तर त्यातून दोनशे लिटरच्या आसपास तेल निघते. लिटरला चार किलोमीटर जाणारा भरलेला ट्रक तेवढ्यावर लातूरहून मुंबईला जाईल, पण परत येताना वाटेतच थांबेल. अडीच एकर, एक हंगाम. पेंड वेगळी मिळते, हे न्यायाने सांगायला हवे. पण ट्रक पेंडीवर चालत नाही.

म्हणूनच इंडोनेशियात जे चालले आहे त्याचा संबंध आपल्या किराणा दुकानाशी आहे. त्या देशाने डिझेलमधले पामतेलाचे प्रमाण २०२० मध्ये तीस टक्के केले, २०२५ पासून चाळीस टक्के. तेवढे तेल निर्यातीतून वजा होते, आणि पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने घरगुती भाव आवरण्यासाठी तीन-एक आठवडे निर्यातच बंद केली, तेव्हा आपल्याकडे तेलाच्या पिशवीचा भाव काय झाला होता ते घर चालवणाऱ्यांना आठवत असेल. फरसाण, बिस्किटे, साबण, हॉटेलची भाजी या सगळ्यांच्या तळाशी ते तेल आहे. आता त्याच्यावर जकार्तातल्या ट्रकचाही हक्क आहे.

मग उरते काय? वापरलेले तेल. हा एकच रस्ता मला मनापासून पटतो, आणि त्याचे पहिले कारण हवामान नसून पोट आहे. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे साचतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा पंचवीस टक्के ठरवली; त्यापुढचे तेल तळणाला वापरायचे नाही. पण मोठ्या हॉटेलातले काळे झालेले तेल कायद्याने नाहीसे होत नव्हते. ते स्वस्तात विकले जाई आणि रस्त्यावरच्या गाडीवर पुन्हा उकळे. उरले तर गटारात. त्याच वर्षी १० ऑगस्टला प्राधिकरणाने हे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना सुरू केली, आणि पुढच्या वर्षी तेल कंपन्यांनी शंभर शहरांतून असे बायोडिझेल विकत घेण्याची तयारी दाखवली. तेल नेणारा रोख पैसे देऊ लागला की हॉटेलवाल्याला ते वडापावच्या गाडीला विकण्याचे कारण उरत नाही. जमीन लागत नाही, खत लागत नाही, एकाच तेलाची दोन कामे होतात. प्राधिकरणाचा अंदाज २२० कोटी लिटर गोळा होऊ शकते असा होता. तो पूर्ण खरा झाला असे धरले तरी डिझेलच्या दोन-सव्वादोन टक्क्यांवर जाऊन थांबतो. पाच टक्के कुठून आणायचे, याचे उत्तर त्यात नाही. ते उत्तर शोधताना कोणी आयात पामतेलाकडे बोट दाखवले, तर त्याला ४२३ वर्षांचा आकडा वाचून दाखवावा.

शिवाय वापरलेल्या तेलाला भाव आला की न वापरलेले तेलही ‘वापरलेले’ होऊ लागते. युरोपात आशियातून येणाऱ्या अशा तेलाबद्दल हाच संशय आहे: जुन्या तेलाला जास्त सवलत, म्हणून ताज्या पामतेलात थोडे काळे मिसळून कागद बदलले जातात. आपल्याकडची तऱ्हा याहून रांगडी. शुद्ध बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीला २०१९ मध्ये परवानगी मिळाल्यावर गुजरात आणि महाराष्ट्रात महामार्गांलगत ‘बायोडिझेल’चे फलक लागले, आणि २०२०-२१ मध्ये पोलिसांनी घातलेल्या छाप्यांत त्यांतल्या अनेक टाक्यांत वनस्पतितेलाचा अंशही निघाला नाही. औद्योगिक वापराची खनिज तेले एकत्र करून, कर चुकवून, ट्रकवाल्यांना विकली जात होती. उघड्यावर प्लास्टिकच्या टाक्या, अग्निशमनाची सोय नाही, द्रव कोणत्या तापमानाला पेटेल याचा पत्ता नाही. सुरक्षित इंधन म्हणून नाव मिळवलेल्या वस्तूच्या नावाखाली याहून असुरक्षित दुकान क्वचितच चालले असेल. भारतीय मानक आयएस १५६०७ अस्तित्वात आहे. पंपावरच्या नमुन्याची तपासणी त्यानुसार नियमित होणे, आणि तेल ज्या हॉटेलातून निघाले तिथपासून टँकरपर्यंतचा कागद एकसंध असणे, एवढे झाले तरी बरेच साधेल. रसायनशास्त्रात नव्या शोधाची गरज नाही.

करंजाबद्दल सांगायचे राहिले. दिवाळीच्या ताटातली करंजी जिच्या आकाराची, त्या शेंगेचे हे झाड. कोकणात उंडीचे आणि देशावर करंजाचे कडू तेल पूर्वी दिव्याला वापरीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून कर्नाटकातल्या खेड्यांत याच तेलावर जनित्रे चालवून शेतीला पाणी उपसून दाखवले. आणि यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा या आदिवासी पाड्यातल्या बायकांच्या बचतगटाने करंजाच्या बिया गाळायचा घाणा चालवला. तिथल्या झाडांपासून दहा वर्षांत ५१ टन तेल निघेल, तेवढे डिझेल वाचेल आणि १४७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबेल, असा हिशेब करून जागतिक बँकेने ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांना ६४५ डॉलर दिले; वॉशिंग्टनमधल्या आपल्या एका परिषदेच्या प्रदूषणाची भरपाई म्हणून. देश आज ज्या वेगाने डिझेल जाळतो त्या वेगाने ५१ टन म्हणजे अठरा सेकंदांचे इंधन. पाड्यासाठी मात्र ते वेगळेच काही होते. झाडे आधीपासून ओढ्याकाठी आणि बांधावर होती, बिया वेचायला कोणाची जमीन घ्यावी लागली नाही, तेल पिळून उरलेली पेंड खत म्हणून शेतात गेली, आणि बी किती वेचायचे, घाणा कधी लावायचा, हे त्या बायकाच ठरवत होत्या.